आवाज आला की हात वर

आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी शाळेत बाईंना कुणी काकू म्हटलेलं चालत नसे. मावशीही नाही. “काकू म्हटलं की नातं आलं, नातं आलं की मुलं लाडात येतात. मी शिकवायला येते,” असं त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या बाई झाल्या. इथे जन्मलेल्या आमच्या मुलांच्या तोंडी त्या ‘बाई’चं ‘बाय’ होई. वर्ग सुटला की चर्चच्या बेसमेंटच्या जिन्यावरून पंधरा गळे एकदम ओरडत, “बाय, बाय!” त्यातला निरोपाचा कुठला आणि बाईंचा कुठला, हे बाईंनाही कळत नसे. पण त्या हसत नसत. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून एकेकाचं ओरडणं नीट ऐकत आणि वहीत काहीतरी टिपून घेत.

वही स्टेनोची, वरून उलटायची. आत सगळं शॉर्टहँड, आकडे-वेलांट्यांसारख्या बारीक खुणा. त्या आमच्याकडे चहाला आल्या तरी वही मांडीवर असे आणि कुणीही बोलू लागलं की पेन्सिल सुरू होई. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे त्या बघत नसत. गळ्याकडे बघत. कंठाखालची खळगी असते ना, तिथे. पहिल्या भेटीत मी नकळत स्कार्फ वर ओढून घेतला होता.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “माणूस कुठे अडतो ते तिथे दिसतं. शब्द काय, कुणीही लिहून घेईल.”

सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या. हिवाळ्यात मुलाचं जाड जॅकेट घालून फिरत, ते त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येई. मुलगा शिकागोला ट्रेननं जाऊन-येऊन करी, घरी फारसा बोलत नसे. बाईंना बोलणं ऐकायला लागे. म्हणून त्या बर्फ हटवलेल्या फुटपाथवरून चालत कुणाच्याही घरी जात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. भारतात त्यांनी तीसेक वर्षं एका जिल्ह्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून काढली होती. मुलांना शिकवल्याचा अनुभव विचाराल तर शून्य.

तरी मी माझी रेवा त्यांच्या वर्गात घातली, त्याला कारण होतं. रेवा नऊ वर्षांची होती आणि मोठ्यानं वाचत नव्हती. मराठीच नव्हे, इंग्रजीही. तिच्या शाळेत मुलांना एक मिनिट वाचायला लावून शब्द मोजायचे. एकदा स्टॉपवॉच सुरू झालं आणि रेवा दुसऱ्याच ओळीत अडकली, ती मिनिट संपेपर्यंत तिथेच राहिली. तेव्हापासून वाचनाच्या दिवशी तिचं पोट दुखे. पुस्तक समोर आलं की ती टर्टलनेकची कॉलर ओठांवर ओढून घेई.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “घड्याळ लावून वाचायला ती काय धावायला चाललीय?” मग रेवाला म्हणाल्या, “कॉलर राहू दे तोंडावर. माझ्याकडे ऐकायला ये नुसती.”

बाईंची रीत अशी होती. त्या धडे शिकवत नसत. दोघातिघांच्या बोलण्याचे कागद देत, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेले. पात्रांना नावं नाहीत, एक, दोन, तीन एवढंच. पाठ करायचं नाही, उठून हातवारे करायचे नाहीत, खुर्चीत बसून कागद बघूनच वाचायचं. एकच कागद सहा रविवार. पहिल्या रविवारी बाई एकट्या वाचत आणि मुलं ओळीखालून बोट फिरवत. दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून. मग जोडीजोडीनं. मग एकेकट्यानं. कागदावर खुणा असत. एक उभी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबा, आणि जे शब्द एका दमात जायचे त्यांच्याखाली होडीसारखी कमान.

“‘मला, पाणी, मिळेल, का’ असं बोलतं का कुणी?” त्या विचारत. “कोण बोलतंय ते आधी ऐका. तहान लागलेला माणूस कसा बोलेल? मग अक्षरं आपोआप पुढे सरकतात.”

इथपर्यंत कुठल्याही पालकाला आवडेल असंच होतं. पण वाचण्याआधी बाई सगळ्यांना एक मिनिट डोळे मिटून बसवत. “आवाज आला की हात वर करा,” म्हणत. मी दारातून बघायची. त्या तळघरात हीटरची घरघर तेवढी ऐकू येई. मग एक हात वर जाई. थोड्या वेळानं दुसरा. वात्रट मुलंसुद्धा खोटा हात वर करत नसत, याचं मला नवल वाटे. ज्याचा हात वर गेला नाही त्यानं त्या दिवशी वाचायचं नाही, एवढाच नियम होता. बाई रागवत नसत. “नाही आला? मग नाही आला,” म्हणत.

आणि वाचून झालं की कागद पालथा घालून प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. हा नियम त्या कधीच सोडत नसत.

“नाव कशाला सांगायचं?” एकदा मी विचारलं.

“आलेल्याला कळायला नको का, की वाचून झालं?” बाई म्हणाल्या. मला वाटलं त्या गंमत करताहेत.

चौथ्या रविवारी रेवाचा हात वर गेला. तिनं कॉलर खाली केली आणि ‘एक’चं सगळं बोलणं वाचलं. कोर्टात उभ्या राहिलेल्या कुणा म्हाताऱ्याचं ते बोलणं होतं. सात-आठ ओळी असतील. माझी मुलगी न अडखळता मराठी वाचत होती आणि जिथे थांबत होती तिथे तिला थांबायचं होतं म्हणून थांबत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात मी तिला लगेच जॅकेट चढवलं आणि गाडीत बसवलं. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

अर्ध्या रस्त्यात मागच्या सीटवरून आवाज आला, “पाणी मिळेल का?”

आमच्या घरात मी मराठीत विचारते आणि रेवा इंग्रजीत उत्तर देते. पाणी हवं असलं तर ती म्हणते, “मॉम, आय नीड वॉटर.” म्हणून मी आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. खांदे खाली आलेले.

“घरी जाऊन पिऊ. भूक लागलीय का?”

तिनं काचेवरच्या बर्फाकडे बघितलं. मग, “असेल.”

“बरं नाही वाटत का तुला?”

“असेल.”

आवाज तिचाच होता, नऊ वर्षांच्या मुलीचा. पण त्यातला थकवा नऊ वर्षांचा नव्हता. मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली, मागे वळले आणि विचारलं, “रेवा, माझ्याकडे बघ. मी कोण आहे?”

ती माझ्याकडे बघून विचार करत राहिली. वायपर दोनतीनदा काचेवरून गेला. मी बाईंना फोन लावला.

“तिनं नाव सांगितलं होतं का?” बाईंनी पहिलं हेच विचारलं.

नव्हतं सांगितलं. मीच तिला ओढून बाहेर आणलं होतं.

“फोन स्पीकरवर टाका. हं. नाव काय तुझं, बाळ?”

रेवा पुन्हा खिडकीकडे वळली.

“पूर्ण नाव सांग. मोठ्यानं.”

रेवानं नाव सांगितलं. वडिलांचं, आडनावही. मग जांभई दिली आणि म्हणाली, “आर वी होम येट?”

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. “बाई, काय आहे हे?”

“काही नाही. मुलं गुंतून जातात.” मग म्हणाल्या, “तो माणूसही तसाच होता. साक्ष संपली तरी पिंजऱ्यातून खाली उतरला नव्हता.”

पुढच्या रविवारी रेवाला पाठवायचं नाही, असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, “अगं, लहान मुलं करतात असं, ॲक्टिंग असते ती.” आणि बुधवारी शाळेतून टीचरचा मेल आला, की रेवानं आज आपणहून हात वर करून वर्गात एक उतारा वाचला, सगळी मुलं ऐकत राहिली. मी तो मेल चार वेळा वाचला. रविवारी मीच तिला सोडायला गेले.

त्या वर्षी मे महिन्यात माझे बाबा आमच्याकडे राहायला आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकुलती एक. बाबा एका गावातल्या हायस्कुलात हेडक्लार्क होते. बोलायच्या आधी तळहात गुडघ्यावर दोनदा घासायची त्यांची सवय, मग खाकरणं, आणि मग “ऐक ना.” बाईंची आणि त्यांची लगेच गट्टी जमली. मी वरच्या खोलीतून ऑफिसचं काम करायची, खाली दोघांचा चहा चाले. बाबा बोलत, बाई लिहीत.

त्या म्हाताऱ्या साक्षीदाराची गोष्ट बाईंनी बाबांनाच सांगितली. मी तेव्हा डिशवॉशर भरत होते, म्हणून मलाही ऐकू आली.

“मुलगा खुनाच्या आरोपात होता,” बाई म्हणाल्या. “बापाला साक्षीला बोलावलेलं. रक्ताचा शर्ट दाखवला आणि विचारलं, हा तुमच्या मुलाचा का? म्हाताऱ्यानं खिडकीकडे बघितलं. पाणी मागितलं. प्यायला. मग म्हणाला, ‘असेल.’ जजसाहेबांनी मला डिक्टेट केलं, ‘होय, हा शर्ट माझ्या मुलाचा आहे.’ मी तेच टाइप केलं.”

“आणि ‘असेल’चं काय झालं?” बाबांनी विचारलं.

“ते माझ्या वहीत राहिलं. मुलाला जन्मठेप झाली. त्या एका शब्दानं सुटला असता असं नाही. पण मी ऐकलं होतं आणि उठून बोलले नाही. स्टेनोनं मधे बोलायचं नसतं. तेव्हापासून कोर्टातून घरी आले की ज्याचं त्याचं जसंच्या तसं लिहून ठेवायची. थांबलेलं, अडलेलं, सगळं.”

बाबा खूप वेळ गुडघा घासत बसले. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडे ठेवलेलं बाहेर जात नाही.”

“नाही जात,” बाई म्हणाल्या.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. जानेवारीत एका सकाळी शेजारच्यांचा फोन आला. बाबा जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आमचं व्हिसाचं एक्सटेन्शन तेव्हा अडकलेलं होतं. वकीलबाई म्हणाली, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येता येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. मी गेले नाही. कुणीतरी हातात फोन धरून मला स्मशानातलं दाखवत होतं आणि त्याचा हात हलत होता. मला बाबांपेक्षा जास्त आभाळच दिसलं.

सगळे भेटायला आले. डबे घेऊन आले. बाई आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, मग मी ते सोडून दिलं. मला तेव्हा रडूही येत नव्हतं. सकाळी लॉगिन करायचं आणि संध्याकाळी लॉगआउट.

पाडव्याच्या कार्यक्रमाला मराठी शाळेची मुलं वाचन करणार होती. एका शाळेचं कॅफेटेरिया घेतलं होतं, दुपारची वेळ. रेवानं घरी सराव केला नव्हता. बाईंनी कागद घरी न्यायला मनाई केली आहे, एवढंच म्हणाली होती. मी नवऱ्याबरोबर तिसऱ्या रांगेत बसले होते.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. एकीत रेवा, दुसरीत नील नावाचा सात वर्षांचा मुलगा, आणि तिसरीत बाई स्वतः. बाईंना मुलांबरोबर वाचायला बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. तिघांनी डोळे मिटले. नीलचा हात वर गेला. मग बाईंचा. रेवाचा हात जायला इतका वेळ लागला की लोक खुर्च्यांमध्ये चुळबुळ करू लागले. मग तोही गेला.

रेवानं तळहात गुडघ्यावर दोनदा घासला आणि खाकरली. “ऐक ना,” ती म्हणाली. “तो जिना आहे ना आपला...”

माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला.

“बाबा, मीटिंग आहे,” नील त्याच्या बारीक, चटपटीत आवाजात म्हणाला. “झाल्यावर बोलू या?”

“हो, हो. झाल्यावर.”

असा दिवस मला आठवेना. असे इतके दिवस होते की कुठला ते सांगता येईना. कागदावर दोन रेघा असणार, कारण स्टेजवर शांतता पसरली. नीलनं कागद खाली केला होता, म्हणजे मी वर निघून गेले होते.

“गेली का वर?” रेवा म्हणाली.

“गेली,” बाई म्हणाल्या.

“तिलाच सांगणार होतो. जिना चढताना हल्ली मधेच बसावं लागतं. डाव्या हाताला मुंग्या येतात. दोन आठवडे झाले.”

“मग तिला सांगा ना.”

“सांगितलं की ती रजा काढेल, डॉक्टरांकडे नेईल, घाबरेल. पंधरा दिवसांनी जायचंच आहे मला. तिकडे दाखवीन की. तुम्ही नका सांगू हिला. तुमच्याकडे ठेवलेलं बाहेर जात नाही ना?”

बाईंनी उत्तर द्यायला किती वेळ लावला कोण जाणे. त्या कधी नव्हे त्या समोर, थेट माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

वाचन संपलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. नीलनं कागद पालथा घालून नाव सांगितलं. बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, ते आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. रेवा तशीच बसून होती. कागद हातात, डाव्या हाताची बोटं उघडझाप करत.

मी स्टेजवर कशी पोहोचले ते आठवत नाही. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, मला त्रास होऊ नये अशा बेतानं विचारलं, “झाली का मीटिंग?”

बाई शेजारी वाकल्या होत्या. घाईघाईनं त्यांनी मूळ वहीची पानं उलटली, पुढची, मागची. “हे नाही यात,” त्या पुटपुटल्या. “हे मी लिहिलेलं नाही.”

“झाली, बाबा,” मी म्हणाले.

“बरं.”

मला किती विचारायचं होतं. खूप दुखलं का. जिन्यात कुणी होतं का जवळ. मी आले नाही म्हणून रागावलात का. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं, कुणी मधे येऊ नये. पण रेवाचा श्वास मधेच तुटत होता. दोन पायऱ्या चढावं आणि थांबावं, तसा. कपाळावर घाम होता आणि ओठांचा रंग गेला होता.

“नाव विचारा,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच विचारा. माझं ऐकणार नाहीत ते.”

“एक मिनिट, बाई.”

“मिनिट नाही. आत्ता.”

मी रेवाचे दोन्ही हात धरले. डावा हात बर्फासारखा गार लागला. “नाव सांग,” मी म्हणाले.

“कुणाचं?”

“तुझं. माझ्या मुलीचं नाव सांग.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, ‘ठीक आहे’ म्हणावं तशी. तिचे खांदे सैल पडले. “रेवा,” ती म्हणाली. मग पूर्ण नाव. मग घाबरून, “मॉम? व्हाय आर यू क्रायिंग?”

जानेवारीपासून न आलेलं रडू मला त्या कॅफेटेरियात, श्रीखंडाच्या वाट्या मांडलेल्या टेबलांसमोर आलं.

नंतर खूप बोलणं झालं. पालक चिडले. नीलच्या आईनं विचारलं, मुलांच्या तोंडी असलं घालायचं काय कारण? शाळेच्या कमिटीनं बाईंना सांगितलं, यापुढे पुस्तकातलेच धडे वाचायचे. बाईंनी त्याच दिवशी वर्ग सोडला. रेवाला मी हळूच विचारलं, तर ती म्हणाली, “आय जस्ट लॉस्ट माय प्लेस.” ओळ चुकली, बस एवढंच. डॉक्टरांना दाखवलं, तिला काहीही झालेलं नव्हतं. वाचनात ती पुन्हा कधी अडली नाही.

मला बाईंचा संताप आला होता, तो कमी होईना. त्यांना माहीत होतं. त्यानंतर पंधरा दिवस बाबा इथे होते, गाडीनं दहा मिनिटांवर हॉस्पिटल होतं, आणि त्यांना माहीत होतं. सांगितलं तेही जाहीर सभेत, माझ्या मुलीच्या तोंडून. रस्त्यात त्यांचं ते लांब जॅकेट दिसलं की मी गाडी वळवून दुसरीकडून जात असे.

ऑक्टोबरात एका दुपारी बेल वाजली. दारात बाई. हातात काही नव्हतं.

“तुमच्या बाबांनी मला सांगितलं होतं,” त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. “मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तेव्हाच, या दारात उभं राहून. कागदावर लिहून, पोरांकडून वाचून घेऊन नाही. हे मला तोंडानं म्हणता येत नव्हतं. सहा महिने मी आरशासमोर म्हणून बघितलं.”

मी त्यांना आत घेतलं. दोघी टेबलाशी बसलो. चहा निवून गेला.

“सांगितलं असतंत तरी मी त्या दिवशी मीटिंग संपवूनच खाली आले असते,” शेवटी मी म्हणाले. हे मी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं.

बाईंनी “नाही, नाही” म्हटलं नाही. त्या तसं कधी म्हणत नसत. मान हलवून ऐकून घेतलं.

मग मी विचारलं, “त्या पाच महिन्यांचं सगळं आहे का तुमच्याकडे?”

“तीन वह्या भरतील. पण शॉर्टहँड माझं. दुसऱ्या कुणाला लागायचं नाही.”

त्या हिवाळ्यात बाई दर बुधवारी दुपारी येत आणि मला वाचून दाखवत. रेवा शाळेत असे. बाबांचा आवाज त्या काढत नसत. डोळे मिटायचे नाहीत, हात वर करायचा नाही. कोर्टातला निकाल वाचावा तशा सपाट आवाजात वाचत, थांबलेल्या ठिकाणी “थांबले” असं म्हणत. “चहात आलं जास्त झालंय. थांबले. पण चांगलं लागतंय.” तेवढंही मला पुष्कळ होई. कधी आम्ही दोघी हसायचो. ज्या दिवशी बाबा मला हाक मारत आणि मी कामात असे, ते पानही त्या वगळत नसत. मी वगळा म्हणत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची बदली तिकडे नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला झाली आणि बाईही गेल्या. तिथे त्यांनी पुन्हा मुलांना शिकवलं का, मला माहीत नाही. दोन वर्षांनी त्या वारल्याचं कळलं.

कॅरीला जायच्या आधीच्या बुधवारी आम्ही शेवटच्या पानावर आलो. बाबा निघाले त्या सकाळचं पान. बाई तेव्हा त्यांना निरोप द्यायला आल्या होत्या.

“‘बॅगेला लाल रिबीन बांधली का?’ ‘बांधली.’ ‘पासपोर्ट?’ ‘खिशात आहे, बाबा, तीनदा बघितलंत.’ थांबले. ‘बरं, येतो बाई.’” त्यांनी वही मिटली. “इथे संपलं. पुढे मी नव्हते. तुम्ही दोघं गाडीत बसलात.”

“मी होते पुढे,” मी म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. मग मी सांगायला लागले. बाबा पुढच्या सीटवर बसले होते. सगळी नोकरी मराठीत झालेली, इंग्रजी ते जोडाक्षरं फोडावीत तसं वाचायचे. त्या दिवशी हायवेवर आलेली प्रत्येक पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली. “एक्-झिट ओन्-ली. म्हणजे?” “या लेनमधून फक्त बाहेर पडता येतं, बाबा.” “आणि चुकून शिरलो तर?” “तर पुढे जाऊन वळून यायचं.” मग एक पिवळी पाटी आली. “मर्ज. अगं, मर्ज म्हणजे आजार ना? रस्त्यावर कशाला लिहिलाय?” मला हसू आवरेना. “मर्ज म्हणजे मिसळणं, बाबा. दोन रस्ते एक होताहेत.” मग तेही हसायला लागले. डोळे पुसत हसले. पुढची मर्जची पाटी आली की आधीच बोट दाखवायचे, “आला बघ आजार,” आणि आम्ही पुन्हा हसायचो. अशा सहा-सात पाट्या आल्या असतील.

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग एअरपोर्ट आलं,” मी म्हणाले.